दहा बाय दहाच्या खोलीत चित्रकलेचं बस्तान कसं बसवाल

जी.डी. आर्ट ही कलेची पदविका असो किंवा बी.एफ.ए. ही पदवी, निकाल लागतो त्या दिवशी ती हातात येते आणि कॉलेजचा हॉल हातातून जातो. उंच छताचा वर्ग, उत्तरेचा उजेड, ईझल (चित्र टेकवायचा उभा घोडा), डाँकी (बसून चित्र काढायचा बाक), समोर बसलेलं मॉडेल आणि पाठीमागून येऊन ‘हे काय केलंयस?’ असं तोंडावर विचारणारे मित्र, सगळं एकदम बंद. उरते ती घरातली किंवा भाड्याची खोली, तिच्यात आणखी दोन-तीन माणसं आणि नोकरीच्या वेळा. चांगला हात असलेली कितीतरी मुलं पुढच्या दोन-चार वर्षांत चित्र काढायची थांबतात. उमेद काही एका दिवसात मरत नाही. सामान काढायला अर्धा तास, आवरायला अर्धा तास आणि मधे रंगवायला जेमतेम पाऊण तास, हा व्यवहार रोज परवडत नाही आणि मग ‘रविवारी बघू’ सुरू होतं.

म्हणून कागद निवडण्यापासून किंमत ठरवण्यापर्यंत प्रत्येक निर्णयाला इथे एकच प्रश्न लावलाय: यामुळे उद्या पुन्हा कामाला बसणं सोपं होईल की अवघड? लेख मुख्यतः चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे कोरून ठसे छापणारे, यांच्यासाठी आहे. शिल्पकारांचं धूळ, वजन आणि आवाज यांचं गणित निराळं. त्यांना पैसे, अर्ज आणि हक्क यांबद्दलचा भाग उपयोगी पडेल.

## आधी टेप घ्या

खोलीचं क्षेत्रफळ किती, हे फारसं महत्त्वाचं नाही. चार मापं घ्या: रोज हक्काने वापरता येईल अशा भिंतीची रुंदी, दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा, आणि काम जिथे ठेवणार त्या माळ्याचं तोंड किंवा दिवाणाची आतली लांबी-रुंदी. ढोबळमानाने यांतलं सर्वांत लहान माप ही तुमच्या एका चित्राची कमाल बाजू. मुंबईत पाचवं माप जोडा, लोकलचं. तीन बाय तीन फुटांचा कॅनव्हास गर्दी नसताना मालडब्यातून एकट्याने नेता येतो. चार बाय पाचचा म्हटला की टेम्पो आला, आणि टेम्पोचं भाडं कधीकधी कॅनव्हासच्या खर्चालाही मागे टाकतं.

मोठं काम करायचंच असेल तर तुकड्यांत करा. फूटभर बाजूचे नऊ चौकोन प्रदर्शनाच्या भिंतीवर तीन बाय तीन फूट होऊन उभे राहतात आणि घरी एका खोक्यात मावतात. मात्र हे पहिल्या रेघेआधी ठरवा. अखंड चित्राचे नंतर तुकडे पाडले तर ते तुकडेच दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे चौकटीवर न ताणता कॅनव्हास भिंतीला पिनांनी लावून रंगवायचा आणि पूर्ण वाळल्यावर गुंडाळायचा. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जातो आणि उलगडताना सुरकुत्या दिसतात. गाभ्याला प्लंबिंगच्या दुकानातला सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या. गाभा जितका जाड तितका बरा.

ईझल घडीचा असला तरी पाय पसरले की तीन फूट जमीन खातो. भिंतीला आडवी लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर बोर्ड टेकवला तर तेच काम होतं. घरमालक खिळा मारू देत नसेल तर कपाटाच्या दारावर हुकांनी प्लायचा तुकडा टांगा. रात्री काम करणाऱ्यांनी ५००० ते ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी घ्यावा आणि खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय का, ते बघावं. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला निळा सकाळी भलताच निघतो.

## माध्यम: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

कमी जागेत काम बंद पडायचं मोठं कारण म्हणजे खोलीला न मानवणारं माध्यम. कॉलेजात तैलरंगाला जो मान असतो तो डोक्यात घेऊन मुलं बाहेर पडतात आणि जिथे घरचे झोपतात त्याच खोलीत टर्पेन्टाइनची बाटली उघडतात. सरळ सांगतो, झोपायच्या बंद खोलीत टर्प किंवा थिनर नको. डोकं दुखतं, दमा असलेल्याला त्रास होतो, आणि थर वाळायला आठवडे लागत असल्याने एक ओलं चित्र घरातली एक भिंत अडवून बसतं. शिवाय आगीचा धोका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. तैलरंगच हवे असतील तर थर पातळ ठेवा, ब्रश आधी तेलाने पुसून मग साबणाने धुवा, चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, आणि काम उघड्या गॅलरीत किंवा गच्चीवर करा.

खोलीत सुखाने नांदणारी माध्यमं म्हणजे अ‍ॅक्रिलिक, जलरंग, गवाश (अपारदर्शक जलरंग), शाई, पेन्सिल, कोळसा आणि लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून काढलेला ठसा). अर्ध्या इम्पीरियल कागदाला, म्हणजे १५ बाय २२ इंचांना, जेवणाचं टेबल पुरतं आणि अशी पन्नास कामं एका पोर्टफोलिओत कपाटामागे उभी राहतात. ‘कागदाला भाव नाही’ असं ऐकवणारे भेटतील. कॅनव्हासच्या मानाने कागदावरच्या कामाला पैसे कमी मिळतात, हे खरंही आहे. पण चित्रकार नसरीन मोहमदी यांची शाई-पेन्सिलीची रेखाटनं कागदावरचीच. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर हे दालन उघडलं तेव्हा त्याच्या पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. वयाच्या पंचविशीत बाजारभाव बघून माध्यम निवडणं मला तरी पटत नाही.

कोळशाकडे फक्त कच्च्या रेखाटनाचं साधन म्हणून बघू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळसाखाणींच्या मुलखातून आले आणि प्रदर्शनाच्या भिंतींवर थेट कोळशाने प्रचंड आकाराची चित्रं काढत जगभर पोचले. २०२१ मध्ये ब्रिटनचा आर्टेस मुंडी पुरस्कार ज्या सहा कलावंतांना एकत्र मिळाला त्यांत ते एक. यातला व्यवहारही समजून घ्या. भिंतीवरचं काम न्यायला टेम्पो लागत नाही आणि ठेवायला माळा लागत नाही. प्रदर्शन संपलं की भिंतीला पांढरा रंग. हाताशी राहतात ती छायाचित्रं, आराखडे आणि कागदावरची रेखाटनं. घरी कोळसा वापरताना फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा, मात्र घराच्या गॅलरीत जाऊनच मारा.

लिनोकट तर खोलीसाठीच घडवल्यासारखं आहे. चित्रकार चित्तप्रसादांनी अंधेरीत हलाखीत राहून केलेले लिनोकट आजही समोर आले की हलू देत नाहीत. पहिल्यांदा करत असाल तर सहा बाय आठ इंचांचा लिनोचा तुकडा घ्या. मागच्या बाजूने इस्त्री हलकी फिरवली किंवा दहा मिनिटं उन्हात ठेवला की तो लोण्यासारखा कापला जातो. लिनोखाली जुना मऊ टॉवेल ठेवा म्हणजे तो सरकत नाही. कापणारी धार नेहमी अंगापासून दूर जाईल असं बसा आणि लिनो धरणारा हात कायम धारेच्या मागे ठेवा. काचेच्या तुकड्यावर मुद्रणाची शाई रोलरने पसरा. ‘चर्र’ असा बारीक आवाज यायला लागला की शाईचा थर बरोबर बसला. पचपच आवाज येत असेल तर शाई जास्त आहे. थर बरोबर बसला की रोलर लिनोवर फिरवा, वर पातळ कागद ठेवा आणि स्टीलच्या डावाच्या पाठीने गोल-गोल घासा. प्रेस नको, वीज नको. ठसे कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घाला. वाळल्यावर खाली पेन्सिलीने डावीकडे १/१०, २/१० असे क्रमांक, मधे शीर्षक आणि उजवीकडे सही व वर्ष लिहा. एका ब्लॉकमधून दहा कामं, आणि सगळी एका फाइलीत.

शहराबाहेर राहत असाल तर उघड्यावरची जागा फुकटची आहे. कोल्हापूरच्या चित्रकारांनी निसर्गचित्रणाची जी परंपरा उभी केली तिच्यात आबालाल रहिमान यांची रंकाळ्याची जलरंगचित्रं आजही समोर ठेवून शिकण्यासारखी आहेत. मुंबईतही जे.जे.ची मुलं सीएसएमटी स्टेशनात आणि क्रॉफर्ड मार्केटात स्केचिंगला बसतातच. ही सवय पदवीनंतर सोडायचं काही कारण नाही.

## पाच मिनिटांत मांडणं

झाकणाचा एक प्लास्टिकचा क्रेट घ्या आणि चालू कामाला लागणारी प्रत्येक वस्तू त्यातच ठेवा: सहा-सात ट्यूब, चार ब्रश, दोन डबे, सुती फडकं, स्प्रे बाटली, मास्किंग टेप, पेन्सिल, कटर. बाकीचं सामान माळ्यावर. क्रेट उघडला की काम सुरू झालं पाहिजे. एखादी वस्तू शोधायला दिवाण उचलावा लागला तर त्या रात्रीचं काम गेलंच म्हणून समजा.

जमिनीवर अंथरायला जुना फ्लेक्स उत्तम. गणपती किंवा निवडणूक उरकली की गल्लोगल्ली उतरवलेले फ्लेक्स पडलेले असतात. कार्यकर्त्यांना विचारलं तर आनंदाने देतात. छापील बाजू खाली, पांढरी वर. रंग सांडला तर पुसता येतो, गुंडाळला की मनगटाएवढी वळकटी होते.

अ‍ॅक्रिलिक पॅलेटवर वाळून वाया जातं, त्यावर उपाय म्हणजे हवाबंद चपटा डबा. तळाला ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण घट्ट लावलं तर दोन-तीन दिवस रंग ओला राहतो आणि रोज नव्याने ट्यूबा पिळाव्या लागत नाहीत. ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत रात्रभर ठेवलं की गाळ तळाला बसतो. वरचं पाणी संडासात ओता आणि गाळ रद्दीवर वाळवून कचऱ्यात टाका. सोसायटीची पाइपलाइन तुमच्यामुळे तुंबली तर घरातला कोणीच तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

उठण्याआधी उद्या पहिलं काय करायचं ते एका चिटोऱ्यावर लिहा आणि क्रेटमध्ये सगळ्यात वर ठेवा. ‘डाव्या कोपऱ्यातला हिरवा थंड करणे’ एवढंसं पुरे. थकून आल्यावर विचार करावा लागत नाही.

राहिली घरची माणसं. त्यांना तुमचा मूड कळायची अपेक्षा ठेवू नका. त्यांना वेळ कळते. ‘रात्री साडेनऊ ते अकरा टेबल माझं’ असं सांगा आणि अकराला टेबल खरंच मोकळं करा. महिनाभर हे पाळलं की आईच स्वतःहून म्हणते, नऊ वाजले, जेवून घे, तुझं काम असेल.

## साहित्यात कुठे वाचवायचं, कुठे नाही

चोवीस रंगांचा सेट घेऊ नका, त्यातले निम्मे वाळतात. पांढऱ्याची मोठी ट्यूब, लेमन यलो, यलो ऑकर, एक क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एवढ्यावर वर्ष निघतं. काळा अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून होतो, आणि आयत्या काळ्यापेक्षा चांगला होतो. आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबवर सिरीजचा आकडा असतो, किंमत त्यावर ठरते. मातीचे रंग स्वस्त सिरीजमध्ये येतात, कॅडमियम आणि कोबाल्ट महागात. म्हणजे ऑकर, सिएना, अंबर हे आर्टिस्ट दर्जाचे घेणं परवडतं आणि स्टुडंट दर्जाच्या पातळ रंगापेक्षा पुरतात जास्त.

कॅनव्हासला मांजरपाट किंवा जाड सुती कापड ताग्यातून घ्या, फ्रेमवाल्याकडून चौकट करून घ्या, ताणायला स्वतः शिका. सुताराकडे प्लायचे उरलेले तुकडे मिळतात. चांगले घासून, सगळ्या बाजूंनी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारून लहान चित्रांना ते झकास चालतात. कागदाला पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटची कागदाची दुकानं. जुन्या फ्रेमा चोर बाजारात आणि जुन्या बाजारात.

प्रायमर आणि कागद या दोन गोष्टींवर मात्र काटकसर नको. आम्लयुक्त स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो, आणि ज्याने पैसे मोजून चित्र घेतलं त्याच्या भिंतीवर पडतो. जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, आम्लरहित कागद घ्या, हवं तर त्याचे चार तुकडे करा. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी घरकामाचे एनॅमल रंग कॅनव्हासवर वापरून स्वतःची भाषा घडवली, हे खरं. पण त्यांनी ते माध्यम म्हणून समजून घेतलं होतं. केवळ स्वस्त म्हणून काहीही फासणं वेगळं.

## पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्याचं वर्षभराचं काम जून ते सप्टेंबरात खराब होऊ शकतं. चित्रं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, दोन-तीन इंच अंतर सोडा. जमिनीवर नको, विटांवर पाट ठेवून त्यावर. कागदांच्या मधे बटर पेपर घाला, वर्तमानपत्र कधीच नाही. पोर्टफोलिओत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळतात, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात. प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळलं तर आतला दमटपणा आतच राहतो, म्हणून सुती चादर बरी. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. चित्र सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. लॅमिनेशनचा मोह टाळा, ते परत काढता येत नाही.

## पोटापाण्याची कामं

नोकरी केली म्हणजे कलावंत संपला, असं म्हणणाऱ्यांचं बहुधा घरभाडं दुसरं कोणीतरी भरत असतं. बरवे यांनी अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. प्रश्न नोकरी करायची का, हा नसून कुठलं काम संध्याकाळी हात शिल्लक ठेवतं, हा आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे क्लास हे मला यातलं सर्वांत भरवशाचं वाटतं. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण, बीला पाच, सीला तीन. त्यामुळे पालक स्वतः चौकशी करत येतात. शनिवार-रविवार सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग होतो आणि आठवडा मोकळा राहतो. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या.

दिवाळी अंकांची चित्रं पावसाळ्यात येतात. मानधन बेताचं असतं, पण काम छापून येतं, मुदत पाळायची सवय लागते, आणि संपादकांशी जमलं तर दरवर्षी फोन येतो. किती चित्रं, कृष्णधवल की रंगीत, पैसे अंक निघाल्यावर किती दिवसांत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी घ्या. गणपतीआधी पेणच्या आणि शहरांतल्या कारखान्यांना रंगकामाला हात हवे असतात. डोळ्यांच्या आखणीला बसवलं तर समजा तुमचा हात मान्य झाला. मखर, नेपथ्य, शॉर्ट फिल्मचं कलादिग्दर्शन ही कामंही आहेत, फक्त ती रात्री खातात.

भिंती रंगवायची कंत्राटं जपून घ्या. दर चौरस फुटावर ठरवा, रंग आणि परांची कोणाची ते आधी विचारा, निम्मी रक्कम उचल घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका. कंत्राटदाराचं बिल पालिकेत अडकलं की तुमचे पैसेही अडकतात आणि प्रत्येक फोनला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ ऐकायला मिळतं.

हिशेबाला एक साधी युक्ती: साहित्याचं बँक खातं वेगळं ठेवा. दर कमाईतला ठरावीक भाग, दहा टक्के असेल तर दहा, आल्या दिवशी त्यात टाका. त्या खात्यात जेवढं असेल तेवढंच सामान. हप्त्यावर किंवा क्रेडिट कार्डावर रंग घेऊ नका.

## जागा वाटून घेणं

तीन-चार जणांनी मिळून वसई-विरारकडे किंवा डोंबिवली-भिवंडीच्या बाजूला इंडस्ट्रियल गाळा घेणं हा मुंबईतल्या चित्रकारांचा नेहमीचा मार्ग. करण्याआधी कागदावर उतरवा: लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) कोणाच्या नावावर, डिपॉझिट कोणी किती भरलं, कोणी मधेच सोडलं तर त्याचा वाटा कसा परत, चाव्या किती, तैलरंग आणि धुळीची कामं कुठल्या कोपऱ्यात. व्यावसायिक दराने येणारं वीजबिल आणि मेंटेनन्स भाड्यात धरा. जायला-यायला रोजचे तीन तास मोडत असतील तर गाळा फक्त मोठ्या कामांसाठी आणि साठवणीसाठी ठेवा, रोजचं काम खोलीतच राहू द्या. मैत्री टिकवायची असेल तर भाडं एकाकडे जमा न करता प्रत्येकाने ठरलेल्या तारखेला मालकाच्या खात्यात थेट टाकावं.

प्रेस, भट्टी यांसारखी महागडी साधनं विकत घ्यायची नसतातच. ललित कला अकादमीचं दिल्लीत गढी इथे स्टुडिओ संकुल आहे, आणि कोलकाता, चेन्नई, भुवनेश्वर, लखनौ इथे प्रादेशिक केंद्रं आहेत. अहमदाबादचं कनोरिया सेंटर, बडोद्याची छाप ही मुद्राचित्रणाची संस्था, भोपाळचं भारत भवन हीदेखील माहीत असू द्या. घरी वर्षभर आराखडे करायचे आणि महिना-दोन महिने अशा ठिकाणी जाऊन प्रेसवरचं काम उरकायचं, हा हिशेब शहरात मोठी जागा भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

## फोटो आणि अर्ज

हल्ली निवड आधी स्क्रीनवर होते. फोटो सकाळी दहाच्या सुमारास सावलीत काढा, थेट उन्हात नको. चित्र भिंतीवर सरळ, मोबाइल त्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, दोन पावलं मागे आणि दुप्पट झूम. जवळून काढलं की कडा फुगतात. शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा म्हणजे नंतर रंग जुळवता येतो. फाइलचं नाव आडनाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष या क्रमाने. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. काम विकलं गेलं तरी हा फोटो तुमच्याकडे राहतो, म्हणून काम घराबाहेर पडायच्या आधीच काढा.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटाच्या युवा कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये. २५ ते ४० वयाला ज्युनिअर फेलोशिप, महिना १०,००० रुपये, तीही दोन वर्षं. दोन्ही सीसीआरटी, म्हणजे केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रामार्फत चालतात. पैसे हप्त्यांनी येतात, तेव्हा भाडं त्यावर अवलंबून ठेवू नका, आणि त्या-त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. राज्य कला प्रदर्शनाला विद्यार्थी आणि व्यावसायिक असे वेगळे विभाग आहेत. १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ पासूनची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शनंही नव्यांना दार उघडतात.

मराठी माध्यमातल्या मुलांची गाडी अडते ती आर्टिस्ट स्टेटमेंटपाशी. ते आधी मराठीत लिहा: मी काय काढतो, कशाने काढतो, हेच का काढतो. दीडशे शब्द पुरे. मग इंग्रजी करा, मित्राकडून तपासून घ्या. गॅलरीवाल्यांच्या तोंडची जड इंग्रजी उसनी आणू नका. ‘माझे वडील गिरणीत होते, मी त्यांच्या हजेरीकार्डांवर चित्रं काढतो’ हे वाक्य कुठल्याही भाषेत उभं राहतं. रेसिडेन्सीच्या, म्हणजे कलावंताला काही काळ राहून काम करायला जागा देण्याच्या नावाखाली भरमसाठ फी मागणाऱ्यांना लांबून नमस्कार.

## किंमत, पावती, हक्क

नवोदितांमध्ये चौरस इंचाचा दर चालतो, पण तो मोठ्या चित्राला फसवतो. समजा ४० रुपये चौरस इंच धरलं. बारा बाय बाराचं चित्र ५,७६० रुपयांना जातं आणि छत्तीस बाय छत्तीसचं ५१,८४० ला, जे नव्या नावाला झेपत नाही. त्याऐवजी उंची अधिक रुंदी आणि त्याला दर लावा. २४० चा दर धरला तर लहान चित्र तेच ५,७६० आणि मोठं १७,२८०. आकडे उदाहरणाचे आहेत, दर तुमचा तुम्ही ठरवा. घरून विकताना आणि गॅलरीतून विकताना किंमत एकच ठेवा. गॅलरीचं कमिशन निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, ते आधीच धरून चाला. ओळखीच्यांना ठरलेली दहा टक्के सूट पुरे.

चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विकायचं तर नियम वेगळे आहेत, सीएला विचारा. पावती मात्र प्रत्येक विक्रीची द्या.

हक्कांबद्दल तीन गोष्टी पाठ असू द्या. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. कॅलेंडरवर किंवा कुशनवर छापायला तुमची वेगळी परवानगी लागते. याला मोठा अपवाद असा की कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल आणि लेखी काही ठरलेलं नसेल, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून असं मागणीवरचं काम घेताना ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ ही एक ओळ लिहून घ्या. आणि ज्याचा पहिला कॉपीराइट तुमचा होता असं चित्र पुढे १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्या रकमेत वाटा मागायचा हक्क कलम ५३-अ देतं, कमाल १० टक्के. प्रत्यक्षात तो वसूल करणं कठीण आहे, पण तुमच्याकडे विक्रीची नोंदच नसेल तर प्रश्नच मिटला.

## दाखवायचं कुठे

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं लागतात. अर्ज टाकून ठेवा आणि विसरून जा. दरम्यान मुंबईत प्रभादेवीची पु. ल. देशपांडे कला अकादमी आणि वरळीचं नेहरू सेंटर, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्था. चौघांनी मिळून गट प्रदर्शन केलं की भाडं, आमंत्रणं आणि दालनात बसायचे दिवस वाटले जातात. जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडणाऱ्यांकडे नाक मुरडू नका. गिऱ्हाइकाशी बोलावं कसं, ते तिथे उभं राहून ऐकलं तर फुकटात शिकायला मिळतं.

मांडणीच्या दिवशी हातोडी, लेव्हल, सुतळी, टेप, दुहेरी चिकटपट्टी, नावाच्या जादा पट्ट्या आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ ते ६० इंचांवर ठेवा. अभिप्रायाच्या वहीत फोन नंबरासाठी रकाना आखा आणि प्रदर्शन संपल्यावर आठवड्याच्या आत, विकत घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांना एक छोटा निरोप पाठवा. बबल रॅप आणि पुठ्ठे मात्र उद्घाटनाच्या गडबडीत फेकून देऊ नका. न विकलेली कामं त्यातच गुंडाळून घरी न्यायची असतात, आणि ती नेहमी अंदाजापेक्षा जास्त असतात.